खिट्टी

वाटणी झाली तेव्हा पंच म्हणाले,
विहीर सामाईक, बांध सामाईक,
अठ्ठावीस-अठ्ठावीस गुंठे दोघांना,
आंबा म्हातारीच्या नावावर, ती आहे तोवर.
टिलर मात्र कापता येईना.
शेवटी उत्तमराव घुल्यांनी तोडगा काढला :
इंजिन धाकट्याला,
मागं जोडायचं ते सगळं थोरल्याला.
लोक हसले. अंगठे उठले.

तेव्हापासून आमच्या पडवीत
पोत्याखाली झोपलेलं नऊ हॉर्सपॉवर,
आणि अंगणापलीकडे नानांच्या भिंतीला टेकून
रिजर, एकफाळी नांगर, लोखंडी चाकं,
रोटरची सोळा पाती, त्यातली दोन वाकलेली,
फवाऱ्याचा पंप,
आणि ती ट्रॉली, जिच्यात बसून आम्ही पोरं एकदा
गिरणाऱ्याहून थेट सोमेश्वरला गेलो होतो
भेळ खायला.

इंजिन एकटं काय करणार?
पुढं धावेल, मागं काही उमटणार नाही.
आणि अवजारांना तर
गंज चढतानासुद्धा आवाज नसतो.

दोन्हींच्या मधे एक खिट्टी.
बोटाएवढी जाड, डोक्याला कडी,
कडीला लाल चिंधी,
तणात पडली तर सापडावी म्हणून.
ती कुणाच्या वाट्याला,
हे कागदावर लिहायचं राहून गेलं.
ती माझ्याकडं आली.

आठवीपासून मी ती वागवली.
बाबा म्हणायचे, जा, सांग, उद्या सऱ्या पाडायच्यात.
बारा पावलं अंगण.
नाना म्हणायचे, आधी माझ्या मिरचीतलं तण काढ म्हणावं.
बारा पावलं माघारी.
सांग त्याला, ऑइल बदल, कालपास्नं धूर काळा येतोय.
सांग त्याला, फाळ झिजलाय, नवा आण, निम्मे देतो.
धुराचा रंग नानांनी कुठून बघितला,
ते मी कधी विचारलं नाही.
काही निरोप वाटेत बदलायचे.
एखादी शिवी गाळायची, एखादं 'जरा' घालायचं,
'त्या म्हाताऱ्याला सांग' निघायचं आमच्या ओट्यावरून
आणि 'दादांना विचारलंय' होऊन पोचायचं.
माझ्या तोंडून दोघंही
बरी माणसं होती.

बारावीला, रसायनाच्या पेपरला,
निमाणीला उतरून कंपास उघडली
तर पेनांच्या मधे लाल चिंधी.
तिकडं सकाळीच नर्सरीतून
काकडीच्या रोपांचे ट्रे यायचे होते.
ऊन चढायच्या आत सऱ्या नाहीत
तर रोपं माना टाकणार.
तीन तास मी समीकरणं जुळवत बसले,
एकही धड जुळलं नाही.

दुपारी फाट्यावर उतरले तोच आवाज आला.
मोकळा नाही, ओझं घेतलेला.
इंजिन मातीत रुततं तेव्हा
त्याचा सूर एक पायरी खाली उतरतो,
तो.

बांधावरून बघितलं.
डावी मूठ बाबांच्या हातात, उजवी नानांच्या.
बाबांचा खांदा उतरलेला, वळणावर धूड एकट्याला आवरत नाही,
हे नानांनी भिंतीआडून
किती दिवस बघितलं असेल कोण जाणे.
डावीकडं वळायचं तर डावा क्लच दाबायचा,
उजवीकडं तर उजवा,
आणि दोन माणसांच्या हातात दोन क्लच असले
की तोंड उघडावं लागतं.
"दाब."
"सोड."
"अरे सोड की!"
सहा वर्षांत एवढंच.
सऱ्या मात्र अशा पडल्या होत्या
की वरून कुणी पाहिलं असतं
तर म्हणालं असतं, पाणी प्यायलेला साप गेलाय.

खिट्टीच्या भोकात
सहा इंची खिळा, खालून वाकवलेला.

खरं सांगते, मला रागच आला.
एवढं सोपं होतं तर
मग माझी बारा-बारा पावलं कशाला?
कंपास दप्तरात खोल सरकवली,
चपला काढल्या,
आणि ट्रे उचलून त्यांच्या मागं
त्या वाकड्या सरीत उतरले.

संध्याकाळी इंजिन बंद झाल्यावर
कानात नुसतं सूं राहिलं.
बाबा हात धूत होते, नाना रिजरची माती खरवडत होते.
दोघांनी एकदमच विचारलं,
पेपर कसा गेला?

मी एकदाच सांगितलं.